दिवाळीनंतर पाडा सोडणाऱ्या मुलांची जबाबदारी नावानिशी ठरवा: पालघर आणि ठाणे जिल्हा प्रशासनाला खुले पत्र

प्रति,
जिल्हाधिकारी, पालघर व ठाणे
मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, पालघर व ठाणे
प्रकल्प अधिकारी, एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प, जव्हार, डहाणू व शहापूर

विषय: स्थलांतर करणाऱ्या आदिवासी कुटुंबांतील मुलांसाठी आरोग्य, अंगणवाडी, आदिवासी विकास आणि बाल संरक्षण या यंत्रणांचे काम एकत्र बांधण्याबाबत

महोदय, महोदया,

भातकापणी आणि झोडणी उरकली की जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा तालुक्यांतले पाडे रिकामे होऊ लागतात. कातकरी, वारली, ठाकर, मल्हार कोळी कुटुंबे भिवंडी, कल्याण, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. गणपतीत किंवा दिवाळीत शेठकडून घेतलेली उचल अंगावर असते. ती फिटेपर्यंत परतता येत नाही. शिमग्याला चार दिवस गावी, पुन्हा भट्टी, आणि पाऊस तोंडावर आला की घर. त्यांच्याबरोबर सहा वर्षांखालची मुले जातात, गरोदर बायका जातात, आणि धाकट्यांना सांभाळायला म्हणून शाळेतून काढलेल्या आठ-दहा वर्षांच्या मुलीही जातात.

या सहा-सात महिन्यांत ते मूल कोणाच्या यादीवर असते? पाड्यावरच्या अंगणवाडीत 'स्थलांतरित' असा शेरा पडलेला असतो. भट्टीजवळच्या गावातल्या अंगणवाडीत त्याचे नावच नसते. योजना कमी आहेत म्हणून हे होत नाही. घरपोच आहार आहे, गरम ताजा आहार आहे, अमृत आहार आहे, कुपोषित मुलांसाठी गावातले ग्राम बाल विकास केंद्र आहे, दवाखान्यातले पोषण पुनर्वसन केंद्र आहे, आशाच्या गृहभेटी आहेत, बालसंगोपन योजना आहे. मूल निसटते ते एका यंत्रणेच्या हातून दुसरीच्या हाती जाताना. म्हणून आम्ही नवी योजना मागत नाही आणि नवे ॲप तर मुळीच नको. प्रत्येक मूल एका हातातून दुसऱ्या हातात नावानिशी सोपवले जावे आणि सोपवल्याची पोच मिळावी, एवढीच आमची मागणी आहे.

याची चौकट तयार आहे. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत बालके दगावली, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि १९९५ पासून नवसंजीवनी योजना आली. आरोग्य, पोषण, धान्य आणि रोजगार ही चार खाती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली एकत्र बसवायची हाच तिचा गाभा होता. बैठका आजही होतात. पण त्यांत प्रत्येक खाते आपापला तक्ता वाचते, आणि दोन तक्त्यांच्या मधे पडलेले मूल कोणाच्याच तक्त्यात नसते.

आधी याद्यांचे बघू, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे.

अंगणवाडीची यादी पोषण ट्रॅकर या ॲपमध्ये असते, आरोग्य विभागाची आरसीएच (माता-बाल आरोग्य) पोर्टलवर. पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी जाते. तिची गरोदरपणाची नोंद माहेरच्या उपकेंद्राची, बाळ वाढते सासरच्या पाड्यावर. दवाखान्याच्या कागदावर बाळ आईच्या नावाने 'चे बाळ' म्हणून नोंदलेले, अंगणवाडीत हाकेचे नाव, आणि आधार निघते तेव्हा तिसरेच. एकच मूल तीन नावांनी तीन ठिकाणी राहते आणि कोणत्याही संगणकाला ते एक आहे हे कळत नाही. ते सेविकेला कळते, आशाला कळते, पण त्या दोघींना एकत्र बसून याद्या ताडून पाहण्याचे काम कोणी दिलेले नाही. त्यात हद्दीही जुळत नाहीत. आदिवासी भागात उपकेंद्र ३,००० लोकसंख्येला असते. अंगणवाडी पर्यवेक्षिकेचा बीट, म्हणजे तिच्या देखरेखीतला भाग, वीस-पंचवीस अंगणवाड्यांचा. एका बीटमध्ये दोन प्राथमिक आरोग्य केंद्रांची गावे येतात, आणि एका उपकेंद्राला दोन पर्यवेक्षिकांशी बोलावे लागते.

महिन्यातून एकदा सेविका, आशा आणि आरोग्य सेविका एका जागी येतात तो ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता दिन. त्या दिवशी लसीकरण आटोपल्यावर तासभर याद्या ताडण्यासाठी राखून ठेवा. आईच्या नावाने ताडा, मुलाच्या नाही. आईचे नाव तिन्ही नोंदींत सहसा एकच असते. एका वहीत पाड्यावरच्या सहा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाची एक ओळ: आईचे नाव, मुलाची सगळी नावे, जन्मतारीख, आरसीएच क्रमांक, ट्रॅकरमध्ये आहे की नाही, शेवटचे वजन व तारीख, दंडघेर, पुढची लस. दोन्ही पोर्टलवरची दुरुस्ती या वहीवरून व्हावी.

मोजमापातल्या चुकाही इथेच सापडतात. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी आडवे निजवूनच घ्यायची असते. घाईत उभे करून मोजले तर ती सुमारे ०.७ सेंटीमीटर कमी भरते, तेवढ्या कमी लांबीला वजन पुरेसे वाटते आणि सॅम (तीव्र कुपोषित) मूल मॅममध्ये (मध्यम कुपोषितांत) जाते. काट्याचा शून्य तपासलेला नसतो. दंडघेराची पट्टी डाव्या दंडाच्या बरोबर मध्यावर, हात सैल सोडलेला असताना, त्वचेला टेकेल इतपतच ओढायची असते. आवळली की आकडा खाली येतो, ढिली ठेवली की वर जातो. दोन्ही पावलांवर अंगठे तीन सेकंद दाबून खळगा राहतो का हे पाहणे तर सर्रास राहून जाते. सुजलेल्या मुलाचे वजन चांगले दिसते आणि धोका मात्र सगळ्यांत जास्त तिथे असतो.

दंडघेर ११५ मिलिमीटरपेक्षा कमी, किंवा उंचीच्या मानाने वजन उणे ३ एसडीच्या (वाढीच्या तक्त्यातल्या खालच्या मर्यादेच्या) खाली, किंवा दोन्ही पावलांना सूज: यांतले कोणतेही एक असले तरी मूल सॅम. पट्टी आणि वजन-उंची नेहमी तीच मुले दाखवत नाहीत. आशाच्या पट्टीवर ११२ आलेली नऊ महिन्यांची मुलगी अंगणवाडीच्या तक्त्यात मॅम असू शकते. अशा वेळी 'तुमचे चूक की आमचे' हा वाद होतो आणि मुलगी तिथेच राहते. नियम साधा ठेवा. एकीने सॅम म्हटले की दोघींसाठी सॅम, आणि भूक तपासणीसाठी (मूल पुरेसे खाते का हे पाहायला) वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे.

याच्याआड एक मोठी अडचण आहे आणि ती फक्त तुमच्या पातळीवर सुटेल. सॅमचा आकडा वाढला की बैठकीत सेविकेला आणि पर्यवेक्षिकेला जाब विचारला जातो. मग पुढच्या महिन्यात आकडा उतरतो, मुले मात्र होती तशीच असतात. जुलै ते सप्टेंबरमध्ये घरातले धान्य संपत आलेले, आई लावणीला, हगवण-ताप घरोघर. या काळात ज्या बीटचा आकडा वाढत नाही त्या बीटची तपासणी आधी व्हायला हवी. वाढलेला आकडा मांडणाऱ्या सेविकेला संरक्षण आहे हे जिल्हाधिकाऱ्यांनी बैठकीत बोलून आणि इतिवृत्तात लिहून दाखवावे.

आता स्थलांतर.

कुटुंब कधी जाणार, कोणत्या मुकादमाबरोबर, कोणत्या भट्टीवर, हे पाड्यावर सगळ्यांना महिनाभर आधी माहीत असते, कारण उचल तेव्हाच झालेली असते. सेविकेला, आशाला, रोजगार सेवकाला विचारले तर दसऱ्यापर्यंत यादी तयार होते. महिला व बाल विकास विभागाने २०२२ मध्ये स्थलांतराच्या नोंदीसाठी प्रणाली आणली, पोषण ट्रॅकरमध्येही लाभार्थी दुसरीकडे वर्ग करायची सोय आहे. पण वर्ग करायला पोचण्याचे ठिकाण लागते. 'भिवंडी' एवढे लिहून भागत नाही; त्या तालुक्यात भट्ट्या गावोगाव आहेत. गाव, भट्टी मालकाचे नाव किंवा भट्टीची खूण, मुकादमाचा मोबाइल आणि कुटुंबातल्या एकाचा मोबाइल, या चार गोष्टी मिळाल्या तरच माणूस सापडतो. भट्टी हंगामाच्या मध्यात बदलतेही, म्हणून मुकादमाचा नंबर सगळ्यांत महत्त्वाचा.

आईच्या हाती नवे कार्ड देऊ नका. माता बाल संरक्षण कार्ड तिच्याकडे आहे, फक्त ते घरात आढ्याला खोचून राहते किंवा भिजते. निघण्याआधीच्या भेटीत आशाने त्यावर शेवटचे वजन, दंडघेर, दिलेल्या लसी आणि पुढच्या लसीची तारीख भरावी, आपला मोबाइल नंबर ठळक लिहावा आणि कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईच्या सामानात ठेवायला लावावे. त्याच भेटीत ९ महिने पूर्ण झालेल्यांचा एमआरचा (गोवर-रुबेला लसीचा) पहिला डोस आणि १६ ते २४ महिन्यांतल्यांचे एमआर व डीपीटीचे राहिलेले डोस उरकावेत. भट्ट्यांवर मुले दाटीने राहतात, आणि गोवर पसरायला अशीच जागा लागते.

यादी मग तालुक्याकडून तालुक्याकडे जावी, राज्यमार्गे फिरून नको. जव्हारच्या बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडून भिवंडीच्या बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांना, आणि तिचीच प्रत एका तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडून दुसऱ्यांना. भिवंडीतल्या सेविकेने आणि आशाने सात दिवसांत भट्टीवर जाऊन 'भेटले' किंवा 'सापडले नाही' एवढे कळवावे. ही पोच आली नाही तोवर मूल पाठवणाऱ्या तालुक्याच्याच नावावर राहावे. आज नेमके उलटे होते: शेरा पडला की इकडची जबाबदारी संपते आणि तिकडची सुरूच होत नाही.

भट्टीच्या गावातली सेविका मुलाला परत पाठवते ती निर्दयपणे नव्हे. घरपोच आहाराची पाकिटे आधीच्या नोंदीवरून मागवलेली असतात. नोव्हेंबरात वीस मुले वाढली की कोणाच्या वाट्याचे कोणाला द्यायचे? त्यात २०२५ च्या जुलैपासून घरपोच आहारासाठी चेहरा पडताळणी सक्तीची झाली. आईची नोंद दुसऱ्या अंगणवाडीत असली आणि नेटवर्क नसले की पाकीट हाती असूनही देता येत नाही. म्हणून ठाणे जिल्हा परिषदेने भट्टीपट्ट्यातल्या अंगणवाड्यांची नोव्हेंबर ते मे ही मागणी पालघरहून आलेल्या यादीवर नोंदवावी. पडताळणी अडली तर वहीवर सही-अंगठा घेऊन आहार द्यायची लेखी मुभा सेविकेला असावी. तोंडी मुभेवर कोणीही सेविका धोका पत्करणार नाही, आणि पत्करूही नये.

भेटीची वेळही महत्त्वाची. भट्टीवर विटा पाडण्याचे काम मध्यरात्रीनंतर सुरू होते आणि ऊन चढेपर्यंत चालते. सकाळी दहाला पथक पोचले तर आई चिखलात असते आणि मूल झोळीत किंवा मोठ्या बहिणीच्या कडेवर. दुपारनंतर ती झोपडीत सापडते. आठवड्याची खर्ची बाजाराच्या दिवशी मिळते, त्या दिवशी भट्टी ओस. लसीकरणाचे सत्र त्या वारी ठेवले तर कुलूपबंद खोपटी पाहून परत यावे लागते. पथकांचे वेळापत्रक कार्यालयाच्या सोयीने न आखता भट्टीच्या कामावरून आखा.

ज्या ठिकाणी भट्ट्यांचा पुंजका आहे आणि सहा वर्षांखालची वीस-पंचवीस मुले आहेत तिथे पाळणाघर हवे. केंद्राच्या पाळणा योजनेत सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी तरतूद आहे. याने दोन मुले वाचतात: तान्हे पडण्या-भाजण्यापासून वाचते, आणि त्याला सांभाळणारी बहीण शाळेत राहते. तिला पाड्यावरच ठेवायचे तर आश्रमशाळेतला किंवा हंगामी वसतिगृहातला प्रवेश दिवाळीच्या सुट्टीआधी निश्चित व्हावा लागतो. सुट्टीत घरी आलेली मुलगी भट्टीवर गेली की जूनपर्यंत परतत नाही. मुख्याध्यापकांना स्थलांतराच्या यादीची प्रत मिळाली तर सुट्टीआधीच पालकांशी बोलता येते.

परतीचा प्रवासही नोंदवा. मे-जूनमध्ये पाड्यावर परतलेल्या प्रत्येक मुलाचे पंधरा दिवसांत वजन, लांबी-उंची, दंडघेर आणि सूज तपासली गेली तर भट्टीवर खंगलेली मुले पावसाळ्याच्या तोंडावर हाती लागतात. त्यानंतर लावणी सुरू होते आणि आई दिवसभर शेतात असते.

पोषण पुनर्वसन केंद्रातून घरी पाठवतानाही अशीच फट आहे. तिथे साधारण १४ दिवस राहावे लागते. आया चौथ्या-पाचव्या दिवशी मूल घेऊन निघून जातात, आणि कागदावर 'पालकांच्या इच्छेने' असे लिहिले जाते. घरी उरलेल्या मुलांचे जेवण, लावणीचे दिवस, बुडणारी मजुरी, आणि आपली बोली न समजणारे लोक: ही त्या 'इच्छे'ची कारणे आहेत. बुडीत मजुरी महिन्यांनी खात्यावर येऊन उपयोग नाही. दाखल करताना निम्मी आणि सोडताना निम्मी द्या. बरोबरच्या धाकट्या भावंडाला केंद्रात जेवण द्या. दोन-तीन दिवसांआड पाड्यावरची आशा भेटायला येईल असा तिचा प्रवासखर्च मंजूर करा. भगताकडे आधी गेलेल्या कुटुंबाला रागावू नका. भगताशी चांगले बोलणे ठेवणारी आशा मूल दोन दिवस आधी दवाखान्यात आणते.

आणि मूल घरी निघायच्या आदल्या दिवशी सेविका, आशा आणि आरोग्य सेविका या तिघींना फोन जायला हवा, नुसता कागद नको. दोन महिने दर पंधरा दिवसांनी पाठपुरावा ठरलेला आहे. तो फोनवर 'बरे आहे' ऐकून होत नाही. घरी गेलेले मूल ग्राम बाल विकास केंद्रात त्याच आठवड्यात दाखल झाले की नाही, हा एक आकडा दर महिन्याला मागा. दाखल झालेल्यांची संख्या पुष्कळ अहवालांत असते, सोडल्यानंतर सापडलेल्यांची क्वचितच.

पैशाबद्दल थोडक्यात. डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेचा पैसा आदिवासी विकास विभागाचा, राबवणारी अंगणवाडी, खरेदी करणारी गावची आहार समिती. निधी तीन टेबलांवरून जातो, एकावर अडला की सेविका दुकानातून उधारीवर डाळ-तेल आणते. उधारी वाढली की आधी अंडी बंद होतात, मग कडधान्य पातळ होते, आणि गरोदर बाईच्या ताटात भात-वरण उरते. पावसाळ्याआधी दुर्गम गावांत रेशनचे धान्य आगाऊ पोचवायचे नवसंजीवनीत ठरले आहे. तसेच जूनच्या आत तीन महिन्यांचा अमृत आहाराचा निधी आहार समितीच्या खात्यावर जमा असावा. खात्यावरच्या दोन सह्यांपैकी एक सहीवाली बाई भट्टीवर जाणारी असेल तर खाते सहा महिने गोठते. दिवाळीआधी पर्यायी सही नोंदवून घ्या.

बाल संरक्षणाची यंत्रणा या सगळ्यापासून फारच दूर बसलेली आहे. भट्टीवर एकटे राहिलेले मूल, उचलीपोटी कामाला ठेवलेला मुलगा, पंधराव्या वर्षी लावलेले लग्न, हे सेविकेला किंवा आशाला आधी कळते. १०९८ या बाल हेल्पलाइनवर फोन करता येतो हे तिला माहीत असले तरी नाव फुटण्याची भीती असते. तिचे नाव गुप्त राहील हे लेखी द्या. मुलाला चोवीस तासांत बाल कल्याण समितीपुढे हजर करायचे असते. समिती जिल्ह्याच्या ठिकाणी, मूल आणि त्याचे नातेवाईक मोखाड्यात. समितीची महिन्यातून एक बैठक जव्हारला घ्या. आईबाप गेलेल्या मुलाला बालगृहात टाकण्याआधी आजी, मामा, काका यांच्याकडे ठेवता येते का ते पाहा. बालसंगोपन योजनेत महिना २,२५० रुपये मिळतात, पण आजीकडे मृत्यूचा दाखला नसतो, कारण मृत्यू दुसऱ्या तालुक्यातल्या भट्टीवर झालेला असतो. तो दाखला मिळवून देणे हे जिल्हा बाल संरक्षण कक्षाचे काम ठरवा, आजीचे नव्हे.

हे सगळे कोणी हलवायचे? आमच्या मते पाड्यावर ग्रामसभेने आणि वर आदिवासी विकास प्रकल्पाच्या प्रकल्प अधिकाऱ्यांनी. पेसा कायदा (अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींचा कायदा) १९९६ चा, महाराष्ट्राचे नियम २०१४ चे. या कायद्याच्या कलम ४ मध्ये सामाजिक क्षेत्रातल्या संस्थांवर आणि कर्मचाऱ्यांवर नियंत्रण ठेवण्याचा ग्रामसभेचा आणि पंचायतीचा अधिकार मान्य केलेला आहे. दसऱ्याच्या आसपासच्या ग्रामसभेत स्थलांतराची यादी वाचली जावी. कोणती बाई आठव्या महिन्यात भट्टीवर निघाली आहे आणि तिचे बाळंतपण कुठे होणार, हे तिथेच ठरावे. पेसाच्या पाच टक्के निधीतून आशाचा प्रवास, प्लास्टिकच्या पिशव्या, एखाद्या रात्री गाडीचे भाडे भागू शकते. तालुक्याला मात्र असा एक अधिकारी लागतो ज्याचे दोन्ही खात्यांनी ऐकावे. प्रकल्प अधिकाऱ्यांना आज आरोग्य किंवा अंगणवाडीच्या कर्मचाऱ्याला थेट सूचना देता येत नाही. नवसंजीवनी समितीच्या अध्यक्षांनी लेखी आदेशाने तालुका पातळीवरचा समन्वयाचा अधिकार त्यांना द्यावा आणि बदली झाली तरी तो पदाला चिकटलेला राहावा.

शेवटची मागणी सगळ्यांत जड आहे. भट्टीवर दगावलेले मूल बहुधा कुठेच मोजले जात नाही. पाडा म्हणतो तिकडे गेले होते, भट्टीचे गाव म्हणते आमचे नव्हते. अशा प्रत्येक मृत्यूची चौकशी दोन्ही तालुक्यांच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी आणि दोन्ही बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांनी मिळून करावी: मूल शेवटचे कोणी पाहिले, कार्डावर काय लिहिले होते, यादी पोचली होती का, पोच आली होती का, गाडी मागितली तेव्हा काय झाले. चौकशी कर्मचाऱ्याला शिक्षा देण्यासाठी नाही हे आधीच जाहीर करा, नाहीतर खरे कोणी सांगणार नाही. निष्कर्ष त्या पाड्याच्या ग्रामसभेत, त्यांच्या बोलीत वाचून दाखवावेत.

यादीचा आणि वहीचा नमुना आम्ही तयार केला आहे. त्यात मुकादमाच्या नंबरासाठी दोन रकाने आहेत. दोन्ही जिल्ह्यांची संयुक्त बैठक सप्टेंबरअखेरपर्यंत बोलवावी. भिवंडी, कल्याण व वसईचे आणि जव्हार, मोखाडा, विक्रमगड व वाड्याचे बाल विकास प्रकल्प अधिकारी व तालुका आरोग्य अधिकारी समोरासमोर बसावेत, एकमेकांचे नंबर घ्यावेत आणि उठण्याआधी पहिल्या यादीची तारीख ठरवावी. दसरा उलटला की पहिले टेम्पो निघतात.

आपले,
जव्हार-मोखाडा आणि भिवंडी परिसरात बालआरोग्य, पोषण व शिक्षणाचे काम करणारे कार्यकर्ते

प्रत माहितीसाठी: संबंधित गावांच्या ग्रामसभा